उशिरा तापणारी घरं

एडिंबरा शहरात काल्टन हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरच्या वेधशाळेच्या आवारात १८३७ साली जेम्स फोर्ब्ज या भौतिकशास्त्रज्ञानं खडकात भोकं पाडून तापमापक पुरले. सगळ्यात वरचा तीन फ्रेंच फुटांवर, सगळ्यात खालचा चोवीस फुटांवर, म्हणजे आजच्या मापानं पावणेआठ मीटर खोल. वाचण्यासाठी दरवेळी तापमापक उपसायचा म्हटलं, तर वर येईस्तोवर आकडा बदलणार. म्हणून नळ्याच इतक्या लांब करून घेतल्या होत्या की स्पिरिटाचा फुगा खडकाच्या पोटात आणि आकड्यांची पट्टी जमिनीच्या वर. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी तिथे जाऊन ते आकडे टिपत राहिलं.

पुढे १८६० च्या सुमारास विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्या नोंदींचं गणित मांडलं. त्यातली एक गोष्ट आजही वाचताना गंमत वाटावी अशी आहे. सगळ्यात खोल तापमापक वर्षातला सर्वांत मोठा आकडा दाखवत होता तो जानेवारीच्या सुरुवातीला. वर हाडं गोठवणारी थंडी आणि खाली उन्हाळा आत्ता कुठे येऊन पोचलेला.

तळघर, भुयार, लेणं अशा कुठल्याही जागी उन्हाळ्यात पाऊल टाकलं की आपण म्हणतो, ‘खाली गार असतं.’ जमिनीच्या पोटात थंडीचा कसलाही साठा नसतो. जमीन उशिरा तापते आणि उशिरा निवते, एवढंच. मातीच्या कुशीत बांधलेल्या घरांचं सगळं यश या उशिरावर उभं आहे, आणि त्यांचं बरंचसं अपयशही.

हा उशीर किती, याचा हिशेब अवघड नाही. साधारण ओलसर मातीत दिवस-रात्रीचा चढउतार दर बारा सेंटिमीटरला जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. अर्धा मीटर खाली गेलं की दुपार आणि पहाट यांत फरक उरत नाही. वर्षाचा चढउतार मात्र चिवट. तो एक तृतीयांशावर यायला सव्वादोन मीटर लागतात. तीन मीटरवर ऋतूंमधला फरक चौथा हिस्सा उरतो, आणि जो उरतो तो सुमारे अडीच महिने मागे पडलेला असतो. सात मीटरवर तो सहा महिने मागे पडतो, पण तिथे इतका क्षीण झालेला असतो की जाणवतही नाही. त्याच्याही खाली वर्षभर एकच आकडा. पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटरवर जुनं तळघर आहे. तिथे १७८३ मध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानं दिलेला तापमापक बसवला गेला. तो अकरा ते बारा अंशांच्या मधोमध जणू खिळून राहिला होता.

हेच गणित नागपूरला लावून पाहू. तिथला उन्हाचा कहर मेच्या उत्तरार्धात. त्यात अडीच महिने मिळवले, की तीन मीटर खोलीवरचा उन्हाळा येतो श्रावणात. आणि डिसेंबरअखेरची थंडी तिथे पोचते फाल्गुनात. म्हणजे वर वैशाखवणवा पेटतो तेव्हा खालची माती नुकतीच हिवाळ्यातून बाहेर पडत असते. घर गार ठेवायला याहून सोयीचं वेळापत्रक कुणी आखून देणार नाही.

हे वेळापत्रक माणसांनी गणित न मांडताही ओळखलं होतं. ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी हे त्याचं ठसठशीत उदाहरण. ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे साडेआठशे किलोमीटरवर, झाड शोधावं लागेल अशा माळावरचं हे गाव. १९१५ मध्ये सोनं शोधायला आलेल्या एका टोळीतल्या विली हचिसन या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडलं. मग खाणकामगार आले. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक आले. खंदकात राहायची सवय त्यांना होतीच, आणि या ओसाड माळावर घर बांधायला लाकूड नव्हतं, पाणी नव्हतं. होती ती कुदळ आणि टेकडी. टेकडीच्या कुशीत आडवं खणत जायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. या घरांना तिथे ‘डगआउट’ म्हणतात. आज गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास आहे आणि निम्म्याहून जास्त लोक अशा घरांत राहतात. देवळं-चर्चही जमिनीखाली आहेत. सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचं चर्च तर पाहण्यासारखं आहे.

आता ही घरं कुदळीनं खणत नाहीत. खाणीत चालणारी बोगदा पाडणारी यंत्रं भाड्यानं आणतात. फिरत्या पात्यांच्या गोल गोल खुणा भिंतींवर तशाच राहतात. लोक त्या मुद्दाम ठेवतात, कारण गुलाबी-पिवळट दगडात त्या नक्षीसारख्या दिसतात. भिंतीची भुकटी झडू नये म्हणून वरून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा हात मारतात. प्लास्टर नाही, रंग नाही. छतातून वर जाणारी एक उभी नळी हवा खेळती ठेवते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुतेक दाराच्या बाजूला असतं, म्हणजे सांडपाणी बाहेर काढणं सोपं जातं आणि वाफ आत कोंडत नाही. निजायच्या खोल्या पार आत, मिट्ट काळोखात. गावाच्या हद्दीत खाणकामाला बंदी असली तरी घर वाढवायला नाही, त्यामुळे एखादी जास्तीची खोली काढताना भिंतीत ओपल चमकल्याचे किस्से गावात भरपूर ऐकू येतात. त्यातले खरे किती, हे खोदणारेच जाणोत.

मुद्द्याची गोष्ट आकड्यांची. कूबर पेडीत जानेवारीत दुपारचं सरासरी तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं आणि पारा ४५ च्या पलीकडे जातो. जुलैतल्या पहाटे तो सहा अंशांपर्यंत उतरतो. वर्षाची सरासरी काढली तर येते साधारण २१. डगआउटच्या आत बाराही महिने २२ ते २५. उघड्या, उन्हानं रापलेल्या जमिनीचं सरासरी तापमान हवेपेक्षा थोडं जास्त असतं, शिवाय घरात माणसं वावरतात, चूल पेटते. तेवढा फरक सोडला तर घराला मिळालेलं तापमान म्हणजे त्या गावाच्या वर्षाची सरासरी.

हे नीट लक्षात घेतलं पाहिजे, कारण ‘जमिनीखालच्या घरात एसी लागत नाही’ असं सरसकट सांगणाऱ्या पुस्तकांची कमी नाही. जमीन देते ती त्या जागेची सरासरी. सरासरी २१ असेल तर घर सुखाचं होईल. ती २८ असेल तर जमिनीनं २८ दिले म्हणून तक्रार करता येत नाही. कूबर पेडीला आणखी एक गोष्ट लाभली आहे, ती म्हणजे कोरडी हवा. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास. पाणीसुद्धा गावाबाहेरच्या कूपनलिकेतून आणून, क्षार काढून प्यावं लागतं. आणि वीज? गाव राष्ट्रीय जाळ्याला जोडलेलं नाही. कित्येक दशकं सगळी वीज डिझेलवर तयार होत होती. २०१७ पासून पवनचक्क्या आणि सौर पट्ट्यांची जोड मिळाली. डिझेल जाळून एसी चालवायचा की आठवडाभर यंत्र लावून टेकडी खणायची, असा तो रोकडा हिशेब आहे. पर्यावरणप्रेम तिथे फार नंतर आलं.

माती चांगली उष्णतारोधक असते, हा असाच एक पक्का गैरसमज. उष्णता अडवण्याच्या कामात ओलसर मातीचा मीटरभर थर आणि थर्माकोलचा तीन सेंटिमीटरचा तुकडा यांच्यात फारसा फरक नाही. घर नुसतं उष्णतेपासून झाकायचं असेल तर माती वाहून आणण्याएवढा मूर्खपणा दुसरा नाही. मातीचं बळ तिच्या पोटात आहे. एक घनमीटर माती एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात दीड हजार घनमीटरहून जास्त हवा एक अंशानं तापते. भिंतीआडची शेकडो टन माती घरातल्या गरम हवेचा, माणसांच्या अंगच्या उष्णतेचा, दिव्यांचा, फ्रिजचा सगळा भार रिचवते आणि तिचा आकडा अर्ध्या अंशानंही हलत नाही.

म्हणून थंड देशांतले नकाशे आपल्याकडे जसेच्या तसे उचलले की फसगत होते. तिकडे भिंत आणि माती यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घालतात, कारण त्यांना हिवाळ्यात घराची ऊब मातीत जाऊ द्यायची नसते. आपल्याला घरातली उष्णता मातीत जायलाच हवी असते. इथे भिंत मातीला थेट टेकलेली बरी. रोधक थर हवा तो छपरावर, जिथे ऊन पडतं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी जॉन हेट यांनी १९८३ मध्ये यावर एक नामी तोड सुचवली. त्यांनी रोधक आणि जलरोधक थर भिंतीला चिकटवला नाही. घरावर आणि घराभोवतीच्या कित्येक फूट जमिनीखाली छत्रीसारखा पसरला. छत्रीखालची माती कोरडी राहते, बाहेरच्या ऋतूपासून तुटते आणि घराचीच होऊन जाते. उन्हाळ्यात तिनं घेतलेली उष्णता हिवाळ्यात घराला परत मिळते.

पण मातीची भूकही कधीतरी भागते. लंडनच्या भुयारी रेल्वेइतका सज्जड पुरावा याला दुसरा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले खोल बोगदे चिकणमातीतून काढले, तेव्हा त्या मातीचं तापमान चौदा अंशांच्या आसपास होतं. उन्हाळ्यात शहरातली सर्वांत गार जागा म्हणून या रेल्वेची जाहिरात केली जायची! मग शंभर वर्षं गाड्या धावल्या. त्यांच्या ब्रेकची, मोटारींची आणि कोट्यवधी प्रवाशांची उष्णता त्या मातीत मुरत गेली. आज बोगद्यांभोवतीची माती १९ ते २६ अंशांवर पोचली आहे आणि उन्हाळ्यात काही मार्गांवरचा प्रवास घामानं निथळणारा असतो. चिकणमाती जितक्या सावकाश तापली तितक्याच सावकाश निवणार, त्यामुळे पंखे लावून ती एका हंगामात गार होत नाही. २०२० मध्ये इस्लिंग्टन भागात बनहिल नावाचं एक केंद्र सुरू झालं. बंद पडलेल्या जुन्या स्थानकाच्या हवानळीतून येणारी गरम हवा घेऊन ते आसपासच्या घरांना ऊब पुरवतं.

एका कुटुंबाच्या घराला हे भय नाही. चार माणसं म्हणजे चारशे-पाचशे वॉट, त्यात चूल आणि दिवे. तेवढं भोवतालची माती सहज पचवते आणि हिवाळ्यात ओकून टाकते. शाळा, दुकान, सभागृह असं काही जमिनीखाली करायचं असेल, तर मात्र लंडनची गोष्ट आधी वाचावी.

महाराष्ट्रात घर जमिनीत उतरवण्याची रीत फारशी नव्हती. आपण माती डोक्यावर घेतली. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरं होती, अजूनही काही आहेत. जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि मग मातीचे थर. शेवटचा हात पांढऱ्या मातीचा. गावात ‘काळी’ म्हणजे शेतं आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती; जुन्या वस्तीच्या, गढीच्या ढिगाऱ्यातून आणलेली ही माती पावसात घट्ट बसते आणि पाणी फारसं आत सोडत नाही. उजेड यायला आणि धूर जायला छताला साणं ठेवायचं. रात्री त्याच माळवदावर अंथरुणं पडायची.

गणिताच्या नजरेनं हे छत काय करत होतं? आजच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता खाली यायला तीन-चार तास पुरतात. दोनची दुपार संध्याकाळी सहाला डोक्यावर येते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत आग ओकत राहते. स्लॅबच्या घरात झोपणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. दीड-दोन फूट मातीच्या माळवदात तीच दुपार पंधरा-वीस तासांनी खाली पोचते, तेव्हा तिच्यातला जेमतेम शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा उरलेला असतो. आत दिवसभर सारखाच गारवा.

त्या मातीचं वजन मात्र कुणी मोजत नव्हतं. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पसरायची; जुनी खरवडून काढायचे कष्ट सगळेच घेत असं नाही. पन्नास सेंटिमीटर थर धरला तरी दहा बाय दहाच्या खोलीवर सात टनांहून अधिक भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. पण दगडी भिंती चिखलात रचलेल्या, आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांत न गुंतवलेला. भिंती फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

चीनमध्ये हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडून गेलं होतं. पिवळ्या लोएस मातीच्या पठारावर आजही लाखो लोक ‘याओदोंग’ नावाच्या गुहाघरांत राहतात. कुठे कड्यात आडवी कोरलेली, कुठे सपाट रानात विहिरीसारखा चौकोनी चौक खणून त्याच्या चारी अंगांना काढलेली ही घरं हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार म्हणून वाखाणली जातात. २३ जानेवारी १५५६ रोजी शाआन्शी प्रांतात झालेल्या भूकंपात हे कडेच्या कडे ढासळले. मृतांचा आकडा आठ लाख तीस हजार सांगितला जातो. मानवी इतिहासातला हा सर्वांत जीवघेणा भूकंप मानतात.

किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या लोकांनी मातीच्या छताचा धसका घेतला आणि पुनर्वसनात काँक्रीटची, हलक्या छपरांची घरं आली. त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या घरांत आता उन्हाळ्याचे चार महिने पंखे आणि कूलर अहोरात्र फिरतात. मातीचा दोष नव्हता, सांगाड्याचा होता. नीट बांधलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यावर मातीचा भार हिशेबानं घेता येतो. फक्त तो आधी मोजायला लागतो आणि त्याचं लोखंड पैसे मागतं.

पैसे आणि पाणी, या दोन गोष्टींनी अमेरिकेतली लाटही ओसरली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे मातीच्या घरांचं जवळजवळ वेड लागलं होतं. माल्कम वेल्स या वास्तुविशारदानं न्यू जर्सीत आपलं कार्यालयच जमिनीखाली बांधलं आणि आयुष्यभर या पद्धतीचा प्रचार केला. मिनेसोटा विद्यापीठात भूमिगत बांधकामाचं अभ्यासकेंद्र निघालं. त्या विद्यापीठाची एक इमारत तर शंभर फुटांहून खोल उतरली. मग १९८० च्या दशकात तेल स्वस्त झालं आणि उत्साह मावळला. दरम्यान ज्यांनी हौसेनं घरं बांधली त्यांच्यातल्या अनेकांनी गळती अनुभवली होती. साध्या छपराची गळती शिडी लावून शोधता येते. इथे ती शोधायला आधी छपरावरची बाग उपसावी लागते.

आपल्याकडे पाण्याचं दुसरं रूप जास्त छळतं, ते म्हणजे हवेतला ओलावा. दिल्लीजवळ गुरुग्राममध्ये ग्वाल पहाडी इथे ‘टेरी’ संस्थेचं ‘रिट्रीट’ नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. निवासी इमारतीचा दक्षिणेकडचा भाग थोडा जमिनीत बसवला आहे, आणि चार मीटर खोलीवर सत्तर-सत्तर मीटर लांबीचे चार बोगदे पुरले आहेत. बाहेरची हवा पंख्यांनी त्या बोगद्यांतून ओढायची. जाता जाता ती मातीला उष्णता देते आणि खोल्यांत पोचते. तिथली माती खोलवर वर्षभर २६ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात ४३ अंशांची कोरडी लू आत घेऊन खोल्या तिशीच्या आत ठेवायच्या, तेही नुसत्या पंख्यांच्या विजेवर, ही साधी कमाई नाही. पण पावसाळा सुरू झाला की गॅसवर चालणारी शीतयंत्रं मदतीला घ्यावी लागतात. आराखड्यातच तशी सोय आहे, आणि आराखडा करणाऱ्यांचा हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे.

कारण असं, की जुलै-ऑगस्टमधल्या दिल्लीच्या हवेत इतकी वाफ असते की ती २६ अंशांच्या भिंतीला लागली की थेंब धरायला लागतात. हवा गार होते, पण ओल कमी होत नाही. अंगावरचा घाम तसाच. विदर्भात भिंतीवर थेंब दिसले नाहीत तरी गार भिंतीजवळ निवलेल्या हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर चढते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. कपाटातल्या चपला आणि पुस्तकं आधी खबर देतात. आपल्या हिशेबात जमिनीचा उन्हाळा श्रावणात येतो हे एका परीनं बरंच आहे. ओलाव्याच्या दिवसांत भिंती थोड्या गरम असतात. पण जून अखेरचे आणि जुलैचे काही आठवडे अडचणीचेच.

कोकणात आणि मुंबईत तर हा प्रकार करायच्या फंदातच पडू नये. वर्षाची सरासरी सत्तावीसच्या घरात, उन्हाळा-हिवाळ्यात फरक थोडा, हवा आठ महिने दमट. जमिनीकडे देण्यासारखं काही नाही. तिथे आजोबा-पणजोबांनी उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर आणि समोरासमोर खिडक्या असं घर बांधलं, ते वारा अंगावर घेण्यासाठी. इथे कामाचा तो वाराच.

घाटावर, म्हणजे खानदेश, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यात, गणित जुळतं. उन्हाळा कडक पण कोरडा, हिवाळ्याच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरणाऱ्या. पण तिथे आडवी येते काळी माती. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. भिंतीला टेकवली तर पावसाळ्यात भिंत ढकलते आणि उन्हाळ्यात तिच्यापासून सुटते. सुटली की मध्ये हवेची फट पडते आणि उष्णता मातीत जायची वाटच बंद. म्हणून अशा जागी घराभोवती आधी मुरूम भरावा लागतो, तळाला जाळीदार पाइप टाकून पाण्याला चर काढून द्यावा लागतो आणि काळी माती वरच्या हातभर थरात, झाडांपुरती ठेवावी लागते. तीही झाडं लावूनच. सावलीतल्या, ओलसर, हिरवळीखालच्या जमिनीचं तापमान उघड्या उन्हातल्या जमिनीपेक्षा कित्येक अंशांनी उतरतं. बारूख गिव्होनी या इस्रायली वास्तुशास्त्रज्ञानं यावर बरेच प्रयोग केले. सरासरी बदलता येत नाही असं वाटत असतं. पाचोळ्याचं आच्छादन आणि थोडं पाणी यांनी ती अंगणापुरती बदलते.

सगळं घर पुरायचीही गरज नसते. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत कमरेइतकी किंवा थेट छपरापर्यंत मातीच्या उतारात घ्यायची, उत्तर आणि पूर्व मोकळी ठेवायची, एवढ्यानं मोठा फरक पडतो. एक सवय तेवढी उलटी लावून घ्यावी लागते: उन्हाळ्यात दिवसा खिडक्या गच्च बंद आणि रात्री सताड उघड्या. गरम हवा एकदा आत घेतली की माती तिला रिचवेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. उन्हाळ्यात ‘हवा येऊ दे’ म्हणून दुपारी खिडकी उघडणारं एक माणूस घरात असतंच. या घरात त्याला आवरावं लागतं.

माणसांसाठी जे पावसाळ्यात जमत नाही, ते मालासाठी जमवून दाखवलं सांगलीजवळच्या हरिपूरनं. तिथल्या घट्ट मातीत हळदीची पेवं होती. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत ऊन नाही, ऋतू नाही, आणि कोंडलेल्या हवेत प्राणवायू इतका कमी की किडे जगत नाहीत. ओलाव्याचा प्रश्नच मिटवला होता, कारण पावसाळ्याची हवा आत शिरतच नव्हती. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी राहायची, विजेचं एक युनिटही न जाळता. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आधी हवा जाऊ द्यायची. २००५ च्या महापुरात कृष्णा-वारणेचं पाणी शिरलं आणि यातली बरीच पेवं ढासळली, हळद भिजून गेली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.